काठोकाठ भरलेले भांडे

अंबरनाथ एमआयडीसीने आसपासच्या अनेक घरांना दोन तऱ्हेचा पैसा दाखवला. एक महिन्याच्या पगाराचा. तो जेमतेम पुरे. दुसरा स्वेच्छानिवृत्तीचा. १९९०नंतरच्या दशकात फंड, ग्रॅच्युइटी आणि वर ‘गोल्डन हँडशेक’ अशी रक्कम एकदम हाती पडू लागली. पासबुकात कधी पाच आकडे न पाहिलेल्या माणसाच्या नावावर लाख-दोन लाख!

बँकेच्या काउंटरमागून मी ही माणसे पाहिली आहेत. चेक भरताना हात थरथरत. महिन्याभरात त्याच हातात सागवानाच्या लागवडीत पैसे गुंतवायला सांगणारे रंगीत माहितीपत्रक असे आणि मुदत ठेवीचे व्याज किरकोळ वाटू लागे. १९९९मध्ये सेबीने अशा योजनांसाठी नियम केले, पण तोवर बऱ्याच जणांनी गाशा गुंडाळला होता.

चिनी विचारवंतांनी टंचाईइतकाच भरभराटीचाही धसका घेतलेला दिसतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या श्युन्झीच्या ग्रंथात एक कथा आहे. लू राज्यातल्या एका देवळात कन्फ्यूशियसला एक चमत्कारिक भांडे दिसते. रिकामे असताना ते कलते, निम्मे भरले की सरळ उभे राहते, काठोकाठ भरले की उलटते. तो शिष्यांना पाणी ओतायला लावून खात्री करून घेतो. मग एक शिष्य व्यवहारी प्रश्न विचारतो : भरलेले राखायचे कसे? गुरू सांगतो, बुद्धी भोळेपणाने राखावी, संपत्ती नम्रतेने.

हे नुसते पोथीत राहिले नाही. त्सेंग क्वो-फान या सेनापतीने आपल्या अभ्यासिकेला नावच दिले होते ‘उणेपण शोधणारी खोली’. १८६४मध्ये त्याच्या फौजेने नानकिंग जिंकून ताइपिंग बंड मोडले. एवढे सैन्य पदरी असताना त्याने ते आपणहून विसर्जित करायला घेतले. दरबाराच्या डोळ्यांत आपले वैभव सलेल, हे त्याने ओळखले होते. आपल्याकडे गोऱ्यागोमट्या बाळाच्या गालावर तीट लावतात, ती याच धास्तीने!

आमच्या खातेदारांत एक टर्नर होता. निवृत्तीचे बहुतेक पैसे त्याने पाच वर्षांच्या ठेवीत टाकले आणि सोमवारी एमआयडीसीतल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये निम्म्या पगारावर लेथ धरला. “जरा आराम करा की,” मी म्हटले.

“साहेब, रिकामा बसलो तर खर्चायला वेळ मिळेल.”

मुदत संपल्यावर तो पावती घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीतली पावती कोरी करकरीत होती. घरात रक्कम पन्नास हजारांनी कमी सांगितली होती, असे तो आवाज खाली आणून म्हणाला आणि ठेव पुन्हा पाच वर्षांसाठी करून गेला.