पेशींची ऊब आणि जिवाणूंचा माग

अन्नातून मिळालेली सगळी ऊर्जा कोणत्याच पेशीला कामी लावता येत नाही. तिचा मोठा वाटा उष्णता होऊन बाहेर पडतो. थंडीच्या पहाटे शेणखताच्या ढिगातून निघणारी वाफ ही त्यातल्या सूक्ष्मजीवांचीच कमाई. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून दर किलोमागे सव्वा वॉटच्या आसपास उष्णता निघते. जोमाने वाढणारा एक जिवाणू सुमारे 2 पिकोवॉट देतो, आणि एक पिकोवॉट म्हणजे वॉटचा लाख कोटीवा भाग. पण त्याचे वजनही ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपासच असते. म्हणजे वजनास वजन धरले, तर जिवाणू माणसाच्या हजारपटीहून अधिक उष्णता टाकतात. त्यांचा माग काढायला हा एवढा आधार पुरेसा आहे.

या मोजणीची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. 1782-83च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. दहा तासांत सुमारे 13 औंस बर्फ वितळला. गिनीपिगच्या श्वासातून तेवढ्या वेळात जितका कार्बन डायऑक्साइड येतो, तितकाच कोळसा जाळून मिळवला, तर सुमारे साडेदहा औंस बर्फ वितळेल असा त्यांचा हिशेब होता. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, तरी श्वसन हे मंद ज्वलन आहे हा निष्कर्ष त्यांनी मांडला आणि तो टिकला. पुढे इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल यांनी बेडकाच्या स्नायूची उष्णता मोजली. त्या कामासाठी त्यांना 1922चे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्नायूपासून जिवाणूपर्यंत येण्यासाठी उपकरणच बदलावे लागले. मार्सेयमध्ये तियाँ आणि त्यांच्यानंतर काल्व्हे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची मांडणी बसवली. नमुन्याची छोटी कुपी धातूच्या मोठ्या ठोकळ्यात बसते. कुपीतून ठोकळ्याकडे वाहणारी उष्णता त्यांच्यामधल्या शेकडो तपयुग्मांतून जाते आणि तिच्या प्रमाणात विद्युतदाब निर्माण होतो. शेजारी अगदी तशीच, पण निर्जीव द्रव भरलेली कुपी असते. बाहेरच्या तापमानातील चढउतार दोन्हींवर सारखाच परिणाम करतो, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. या समतापी सूक्ष्मकॅलरीमापीत नमुना तापत नाही. तो 37 अंशांवरच राहतो आणि मोजला जातो तो केवळ उष्णतेचा ओघ. चांगल्या यंत्राचे तापमान अंशाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत स्थिर राखावे लागते. स्वीडनमधील लुंड येथे इंगेमार वाड्सो यांनी हे तंत्र जीवशास्त्रासाठी घडवले.

अशा यंत्राला साधारण 0.2 मायक्रोवॉटचा ओघ कळतो, म्हणजे सुमारे एक लाख सक्रिय जिवाणू लागतात. संख्या मोठी वाटते, पण ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा पेशींपासून लाखावर जायला तेरा-चौदा दुपटी, म्हणजे साडेचार तास पुरतात. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो. त्याच हिशेबाने त्याला अकरा दिवस लागतील. विलंब यंत्राचा नाही, जिवाणूच्या वाढीचाच आहे.

रक्तपेढीतल्या प्लेटलेट 20 ते 24 अंशांवर ठेवाव्या लागतात. या उबेत चुकून शिरलेले जिवाणूही वाढतात. बाझेलच्या संशोधकांनी 2007 मध्ये असे दूषित नमुने उष्णतेच्या आलेखावरून ओळखता येतात हे दाखवले. नमुना गढूळ आहे की रंगीत, याने काही बिघडत नाही. रंगद्रव्य मिसळावे लागत नाही. सगळ्यात मोलाचा उपयोग मात्र प्रतिजैविकांच्या तपासणीत आहे. औषधाने जिवाणूंचा काही भाग मारला, तर एकूण उष्णतेचा आलेख उशिरा उठतो, पण चढ तोच राहतो. वाढ नुसती मंदावली, तर चढच कमी होतो. औषध मारते की थोपवते, हा डॉक्टरांच्या कामाचा फरक एका आलेखात दिसतो. साध्या चाचणीत नळी गढूळ झाली की नाही एवढेच कळते, म्हणून ही माहिती अधिक महत्त्वाची.

मर्यादाही आहेत. बंद कुपीत प्राणवायू लवकर संपतो आणि आलेखाचा आकार बदलतो. कुपी ठेवल्यावर तापमान स्थिरावण्यात सुरुवातीचा वेळ वाया जातो. आलेखावरून जात ओळखण्याचा प्रयत्न 1973 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला होता. पण पोषक माध्यम किंवा सुरुवातीची संख्या बदलली की आलेखही बदलतो, त्यामुळे ती पद्धत रुळली नाही. जिवाणू कोणता, यासाठी जनुकीय चाचणीसारखी वेगळी तपासणी लागते. पण जनुकीय चाचणी मेलेल्या जिवाणूचा डीएनएही पकडते. औषध दिल्यावर जिवाणू जिवंत उरले का, हा प्रश्न असेल तेव्हा कॅलरीमापी अधिक भरवशाचा ठरतो.