वेब डिझाइन व्यवसायाचे पहिले वर्ष

वेब डिझाइनचा छोटा व्यवसाय सुरू करायला फारसे भांडवल लागत नाही. एक बरा लॅपटॉप, इंटरनेट आणि वर्षभराचे होस्टिंग एवढ्यावर काम सुरू होते. वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर २००३ पासून उपलब्ध आहे आणि जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट आज त्यावर चालतात. त्यामुळे सगळा कोड पहिल्या ओळीपासून लिहायची वेळ क्वचितच येते. नाशिक, सांगली, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून हा व्यवसाय करणारे म्हणूनच बरेच आढळतात. यात शिरणे सोपे आहे, पहिले वर्ष तरून जाणे अवघड. रंगसंगती, मांडणी, कोड हे सगळे शिकूनच माणूस या धंद्यात येतो. दर कसा लावायचा, मजकूर कसा काढून घ्यायचा, पैसे कसे वसूल करायचे आणि काम सोपवल्यावर कोणाची कोणती जबाबदारी उरते, हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते. पहिले वर्ष जाते ते याच शिक्षणात.

सुरुवातीची कामे ओळखीतून येतात. नात्यातल्या कोणाचा दवाखाना, मित्राचे क्लासेस, शेजाऱ्यांचे मंगल कार्यालय. ‘घरचेच काम आहे’ म्हणून पैसे कमी मिळतात, पण दाखवायला नमुने तयार होतात, आणि नमुन्यांशिवाय अनोळखी गिऱ्हाईक उभे करत नाही. अशी दोन-तीन कामे करायला हरकत नाही. फक्त बिल पूर्ण रकमेचे करावे आणि सवलत त्यात वेगळ्या ओळीत दाखवावी. तसे केले नाही, तर ओळखीतून आलेला पुढचा माणूस त्या सवलतीच्या रकमेलाच दर समजून बोलणी सुरू करतो.

‘इन्स्टाग्राम आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, गूगल मॅपवर दुकान दिसते; मग वेबसाइट कशाला?’ हा प्रश्न पहिल्या वर्षी वारंवार ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. गल्लीतल्या किराणा दुकानाला खरोखरच वेबसाइटची गरज नसते आणि तसे स्पष्ट सांगणे व्यवसायाच्या हिताचे असते. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीची गोष्ट वेगळी. परराज्यातला खरेदीदार चौकशी करण्याआधी यंत्रसामग्री, क्षमता आणि प्रमाणपत्रे पाहू इच्छितो. कोकणातल्या होमस्टेला दलालीशिवाय थेट बुकिंग हवे असते. रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला ऑर्डर घ्यायची सोय हंगामाआधी लागते. हापूसची विक्री मुख्यतः मार्च ते मे या काळात होते, म्हणजे वेबसाइट फेब्रुवारीत तयार हवी. तीच एप्रिलच्या मध्यावर सुरू झाली, तर डिझाइन कितीही देखणे असले तरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेलेले असते.

दर ठरवताना नवखा माणूस बाजारात इतर जण काय घेतात ते पाहतो आणि त्याहून थोडे कमी सांगतो. तयार थीममध्ये नाव-पत्ता भरून काही हजारांत वेबसाइट देणारे प्रत्येक शहरात असतात. त्यांच्याशी दरात स्पर्धा करणे म्हणजे स्वतःचे वेळापत्रक त्यांच्या हाती देणे. हिशेब उलट बाजूने मांडावा लागतो. समजा, महिन्याला ४०,००० रुपये हातात राहायला हवेत आणि सॉफ्टवेअर, होस्टिंग, वीज, प्रवास, सीएची फी यांवर १०,००० खर्च होतात. एकूण गरज ५०,००० रुपये. महिन्याचे २२ दिवस, रोज ८ तास धरले तर १७६ तास होतात. पण त्यातला निम्मा वेळ गाठीभेटी, कोटेशन, फोन, वसुली आणि नवीन काही शिकण्यात जातो. बिल लावता येईल असे तास उरतात ८८. म्हणजे ताशी दर सुमारे ५७० रुपये पडतो. ६० तासांच्या कामाचे ३४,००० रुपये घ्यायला हवेत. सगळे १७६ तास कमाईचे धरणारा त्याच कामाचे १७,००० सांगतो, रात्रंदिवस काम करतो आणि मार्चअखेर खात्यात काही का उरले नाही हे त्याला उमगत नाही.

काम रखडते ते बहुतेक वेळा मजकुरासाठी. डिझाइन दहा दिवसांत मंजूर होते आणि ‘आमच्याविषयी’ या पानाचे दोन परिच्छेद तीन महिने येत नाहीत. गिऱ्हाइकाकडे असते एक व्हिजिटिंग कार्ड, गेल्या प्रदर्शनाचे माहितीपत्रक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, आकसलेले फोटो. लोगोची मूळ फाइल प्रेसवाल्याकडे असते. माहितीपत्रकाची फाइल मिळाली तरी तिच्यातला मराठी मजकूर अनेकदा श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये असतो. या पद्धतीत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. छापील कागदावर ते सुरेख दिसतात, पण तोच मजकूर उचलून वेबपानावर टाकला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता समोर येतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली, तरी छपाईच्या व्यवसायात जुने फॉण्ट टिकून राहिले. रूपांतर करणारी साधने मिळतात. ती बरेचसे काम करतात, पण रफार सरकतो, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ‘ऱ्या’ बिघडतो, एखादे जोडाक्षर सुटून पडते. म्हणून पूर्ण मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. या कामाचे तास कोटेशनमध्ये कोणी धरत नाही, आणि धरायलाच हवेत.

मराठी वेबपानाच्या आणखी काही गरजा आहेत. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये ओळींतले अंतर कमी असते. देवनागरीत वेलांट्या, मात्रा वर आणि उकार खाली येत असल्याने तेवढ्या अंतरात ओळी एकमेकींना भिडतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीतल्या रूढ वळणांहून निराळी आहेत. काही फॉण्टमध्ये दोन्ही रूपे असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असे कोडमध्ये नोंदवले तरच मराठी रूप उमटते. ही नोंद म्हणजे जेमतेम एक छोटा शब्द, आणि तो लिहायला कित्येक जण विसरतात. चांगल्या फॉण्टची वाण मात्र आता राहिलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉण्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतात. फोटोंचे काम सोपे, पण दुर्लक्षित. मोबाइलवर काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो जसेच्या तसे चढवले की पान उघडताना खेड्यातला मोबाइल दम तोडतो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे.

मजकुराचा उशीर शेवटी पैशांवर येतो. रक्कम तीन हप्त्यांत घेण्याची पद्धत रूढ आहे: काही अ‍ॅडव्हान्स, काही डिझाइन मंजूर झाल्यावर, उरलेली वेबसाइट सुरू झाल्यावर. मजकूर आला नाही तर वेबसाइट सुरू होत नाही आणि शेवटचा हप्ता लटकतो. यावर उपाय म्हणून शेवटच्या हप्त्याला तारखेची जोड द्यावी. वेबसाइट सुरू झाल्यावर किंवा ती चाचणीच्या पत्त्यावर तयार होऊन ३० दिवस झाल्यावर, यांतले जे आधी घडेल तेव्हा पैसे देय, असे लिहून घ्यावे. बदलांचेही तसेच. ‘एक छोटासा बदल’ वडील सांगतात, दुसरा मुलगा सांगतो, तिसरा भागीदाराच्या व्हॉइस मेसेजमधून येतो आणि तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध असतात. मंजुरी देणारी व्यक्ती एकच असावी, बदलांच्या फेऱ्या दोन आणि त्यापुढे ताशी दर, हे पहिल्याच कोटेशनमध्ये हवे.

कायदेशीर नोंदी तुलनेने सोप्या आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने अगदी लहान आस्थापनांना नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देण्याची मुभा दिली. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते. कंपनी गिऱ्हाईक असेल तर ती टीडीएस कापून पैसे देते. कापलेली रक्कम २६एएस या विवरणात दिसते, पण विवरणपत्र न भरल्यास परत मिळत नाही.

उद्यम नोंदणी मात्र पहिल्याच महिन्यात करावी. ती विनामूल्य आहे आणि तिच्यामुळे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचे संरक्षण मिळते. लेखी करारात मुदत असली तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट ती प्रत्यक्ष दिल्यावरच आयकरात मिळते. त्यामुळे बिलावर छापलेला उद्यम क्रमांक मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात मार्चअखेरीस उपयोगी पडतो. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणणाऱ्या ओळखीच्या दुकानदारापुढे कायद्याचा धाक फारसा चालत नाही. तिथे अ‍ॅडव्हान्स हाच खरा आधार.

मालकी हा विषय बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे, स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने पैसे घेऊन लिहिलेला कोडही मुळात त्याच्याच मालकीचा असतो. तो गिऱ्हाइकाकडे जातो लेखी हस्तांतराने. हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. गिऱ्हाईक मात्र सगळे आपलेच झाले असे धरून चालते. पूर्ण रक्कम मिळताच हक्क कायमचे हस्तांतरित होतील, हे एक वाक्य दोन्ही बाजूंना पुढच्या भांडणापासून वाचवते.

वर्ष भरत आले की पहिल्या गिऱ्हाइकांच्या डोमेनच्या नूतनीकरणाच्या तारखा येऊ लागतात, कारण डोमेन बहुधा एकाच वर्षासाठी घेतलेले असते. ते कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर घेतले होते, हे तेव्हा कळते. घाईत डिझायनरने स्वतःच्या खात्यातून घेतलेले डोमेन त्याच्यासाठीही ओझे असते आणि गिऱ्हाइकासाठीही धोका. डॉट कॉम नावाची मुदत संपली तर सुरुवातीला काही दिवसांची सवलत असते. पुढे ३० दिवस जादा शुल्क भरून ते सोडवता येते, आणि त्यानंतर ते कोणालाही घेता येते. छापलेल्या कार्डांवर, गाडीवर, पाटीवर असलेले नाव असे हातचे जाऊ शकते. म्हणून डोमेन पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्याच नावावर हवे.

नूतनीकरणाच्या बरोबरीने वार्षिक देखभालीचा करार येतो. बॅकअप, वर्डप्रेस आणि प्लगइनचे अपडेट, सुरक्षा प्रमाणपत्र चालू आहे ना याची तपासणी, फोन नंबर किंवा दरपत्रकातले किरकोळ बदल, एवढे त्यात असते. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रे आजवर ९० दिवसांची असत आली आहेत. ती आपोआप नव्याने मिळण्याची व्यवस्था बंद पडली की ब्राउझर पाहुण्याला धोक्याची सूचना देऊन दारातूनच परत पाठवतो. हे सगळे वर्षभर फुकट करून दिल्यावर तेराव्या महिन्यात त्याचे पैसे मागणे फार जड जाते. देखभालीची रक्कम पहिल्या कोटेशनमध्ये वेगळी लिहिलेली असेल, तर पहिल्या वर्षीची दहा-बारा गिऱ्हाइके दुसऱ्या वर्षी काही ठरावीक उत्पन्न देऊ लागतात आणि पावसाळ्यातल्या मंदीत होस्टिंगचे बिल, सीएची फी आणि घरखर्चाचा काही भाग त्यातून निघतो.