दुखण्यानंतर पुन्हां समुद्राखालीं

रिसोडकडच्या मुलाची पाण्याशीं पहिली ओळख विहिरींत होते. पाठीला भोपळा बांधून हातपाय हलविणारा मुलगा कालांतरानें काठावरून सूर मारूं लागतो. आणि पुढें कमावता झाल्यावर सहकुटुंब कोंकणांत उतरला, म्हणजे मालवणजवळ तारकर्लीस भोपळ्याच्या जागीं हवेची टाकी बांधून समुद्राखालींहि जातो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तेथें ही विद्या शिकविणारी संस्थाच काढली आहे. अशा एखाद्या गृहस्थाला पन्नाशींत हृदयविकाराचा झटका येतो, रक्तवाहिनींत स्टेंट बसविला जातो, आणि वर्षभरानें प्रकृति सांवरली कीं त्याला पुन्हां समुद्राची ओढ लागते. तो रोज दोन मैल फिरतो, जिना चढतो. मग समुद्रानेंच काय घोडें मारलें?

घोडें मारलें आहे तें दाबानें. पृष्ठभागावर शरीरावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्रांत दर १० मीटर खोलीस तितक्याच दाबाची भर पडते. दाब दुप्पट झाला कीं वायूचें आकारमान निम्में होतें, हा नियम बॉइलनें १६६२ सालीं प्रसिद्ध केला. अर्थात् १० मीटरांवर टाकींतून घेतलेला श्वास रोखून जो वर येईल, त्याच्या छातींतील हवा दुप्पट जागा मागूं लागेल आणि फुप्फुस फाटेल. म्हणून ज्याचें फुप्फुस पूर्वीं एकदां आपोआप फुटून छातींत हवा शिरली होती, त्याला बहुतेक तज्ज्ञ समुद्र वर्ज्यच सांगतात. जखम भरली एवढें कारण त्यांना पुरत नाहीं. अपस्माराचेंहि तसेंच. जमिनीवर झटका आला तर माणूस पडतो; पाण्याखालीं तोंडांतील नळी सुटते.

हृदयाची गोष्ट अधिक नाजूक आहे. नुसतें गळ्याइतक्या पाण्यांत उभें राहिलें तरी पायांतील रक्त छातीकडे ढकललें जातें. थंडाव्यानें कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. आणि एकहि हात मारण्यापूर्वीं हृदयाचें काम वाढलेलें असतें. वर प्रवाह उलटा लागला तर दमलेल्या माणसास बसावयाला लिंबाची सावली तेथें नाहीं. यासाठीं वैद्य बहुधा सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत थांबावयास सांगतात, चालत्या पट्ट्यावर श्रम देऊन हृदयाचा आलेख पाहतात, आणि औषधेंहि तपासतात. स्टेंटनंतर रक्त गोठूं न देणाऱ्या गोळ्या चालू असतात. दाबानें कानाच्या पडद्यास इजा झाल्यास रक्तस्राव लवकर थांबत नाहीं. या कसोटींतून पार पडून पुन्हां समुद्रांत उतरलेलीं माणसें पुष्कळ आहेत, हेंहि सांगितलें पाहिजे.

खरा धोका कागदावर असतो. बुडीपूर्वीं प्रकृतीची प्रश्नावली पुढें येते. हृदयविकारापुढें ‘होय’ लिहिलें तर वैद्याचा दाखला आणावा लागतो. ‘नाहीं’ लिहिलें तर नाव लगेच सुटते. मुलेंबाळें किनाऱ्यावर उभीं, पैसे भरलेले, सुट्टीचा शेवटचा दिवस. अशा वेळीं भला शिकलेला मनुष्यहि ‘नाहीं’ लिहून मोकळा होतो. पण ही बुडी जोडीनें मारावयाची असते. खालीं एकाची शुद्ध हरपली तर दुसऱ्याला त्यास धरून वर आणावें लागतें, आणि ज्याला कांहींच सांगितलें नाहीं त्याचाहि जीव तेथें पणाला लागतो.

दाखला मिळाला तरी पहिली बुडी उथळ, शांत पाण्यांत आणि शिक्षकाला सर्व सांगून मारावी. परतीचा प्रवासहि आधींच ठरवावा. खोलीवर रक्तांत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागतो. हवा विरळ झाली तर त्याचे बुडबुडे होतात. विमानानें जाणारानें एका बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास थांबावें असा संकेत आहे. रिसोडला परतणारापुढें विमान नसलें तरी सह्याद्रि आहे. आंबोली सुमारें ७०० मीटर उंचीवर आहे. तेव्हां दुपारीं बुडी मारून संध्याकाळीं घाट चढण्यापेक्षां ती रात्र मालवणांतच काढावी.