तापते, आणि थरथरतेही

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर एखादी जुनी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली नाही, असं क्वचितच होतं. भोवती पाच माणसं आणि सात सल्ले. कुणी म्हणतं पाणी ओता, कुणी म्हणतं थर्मोस्टॅट काढून फेका, आणि एकजण तरी कार्ब्युरेटरला शिव्या घालत असतो. माझी १९९६ सालची मारुती ८०० या सगळ्या सल्ल्यांतून गेलेली आहे. त्यामुळे पुढचं थोडं वाचून-समजून आणि बरंचसं पस्तावून लिहिलेलं आहे.

गैरसमज : गाडी तापते म्हणजे रेडिएटर चोंदलाय.

वस्तुस्थिती : चोंदलेला असेलही. पण रेडिएटर उतरवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, ‘कधी तापते?’ सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर वारा लागला की उतरतो, तर संशय पंख्यावर. मारुती ८०० चा पंखा विजेवर चालतो; पाणी ठरावीक तापलं की स्विच तो सुरू करतो. फ्यूज, स्विच, मोटर, वायरीचे जोड, एवढंच तपासायचं असतं. प्रीमियर पद्मिनीचा पंखा बेल्टवर फिरायचा, तिथे आधी बेल्टला अंगठा लावून बघायचा.

उलट गावात गाडी शहाण्यासारखी वागते आणि हायवेवर ऐंशीच्या पुढे तापते, तर पंखा निर्दोष आहे. तिथे वारा आपोआप मिळतोच. मग कमी पडतो तो पाण्याचा प्रवाह. रेडिएटरच्या नळ्यांत साचलेले क्षार, झिजलेला वॉटर पंप, किंवा खालचा पाइप. हा पाइप जुना होऊन मऊ पडला की जास्त रेसला पंपाच्या ओढीने आत चेपतो. गाडी उभी करून बघितलं तर तो पुन्हा टुमटुमीत, म्हणून सापडत नाही. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल तरीही इंजिन तापतं, कारण जाळ उशिरा होतो आणि उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टच्या वाटेवर आणि हेडमध्ये जाते. ही शक्यता रेडिएटरवाला सांगणार नाही. तो रेडिएटरवाला आहे.

गैरसमज : थर्मोस्टॅट काढला की कटकट मिटली.

वस्तुस्थिती : आपल्याकडचा हा सर्वांत लाडका उपाय. थर्मोस्टॅट म्हणजे साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारी झडप. इंजिन गरम होईपर्यंत ती पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून ठेवते. ती बंद अवस्थेत अडकली तर इंजिन नक्की तापतं, आणि तेव्हा काढल्यावर फरकही पडतो. म्हणून या उपायाचं नाव झालं. पण अडकलेली झडप बदलायची असते. काढून टाकली की सकाळी इंजिन बराच वेळ गारच राहतं, पेट्रोल जास्त पितं, सिलिंडरचा बोअर झिजतो. काही इंजिनांत तर झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. तीच नसली की थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं. ‘झडप नसली तर पाणी फार जोरात पळतं, त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही’ असंही ऐकवतात. तेही खरं नाही. प्रवाह वाढला म्हणून रेडिएटर कमी उष्णता टाकत नाही.

झडप घरी तपासता येते. पातेल्यात पाणी आणि दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या आत तो उघडलेला दिसला पाहिजे. पातेलं मात्र स्वयंपाकाचं नको.

गैरसमज : कूलंट बर्फाळ मुलखासाठी. आपल्याकडे बोअरचं पाणी चालतं.

वस्तुस्थिती : गोठणं ही आपली अडचण नाहीच, उकळणं आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. गाडीत ते तसं उकळत नाही याचं श्रेय रेडिएटरच्या झाकणाला. साधारण ०.९ बार दाब धरणारं झाकण पाण्याचा उकळबिंदू जवळपास २० अंशांनी वर नेतं, आणि निम्मं कूलंट असेल तर आणखी काही अंश मिळतात. झाकणाचं रबर कडक झालं, दाब निसटला, की हे सगळं गेलं. स्वस्तातला भाग, पण तो बदलायचं शेवटी सुचतं.

बोअरच्या जड पाण्याने किटलीत बसतो तसाच पांढरा थर नळ्यांत बसतो, आणि गंज वेगळाच. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. अडीअडचणीला साधं पाणी ओतायला हरकत नाही. घरी पोचल्यावर ते बदला, एवढंच.

गैरसमज : काटा खाली आला, आता चला.

वस्तुस्थिती : चढलेला काटा एकाएकी पडला, तर आनंद मानू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी निघून गेलं आणि तो कोरडा पडला, की काटा काहीही दाखवतो. इंजिन जळत असताना काटा निवांत, असं होऊ शकतं.

गैरसमज : आयडलिंगला थरथरते, म्हणजे कार्ब्युरेटर साफ करा.

वस्तुस्थिती : इथे माझा खिसा रिकामा झाला. सकाळी गाडी सुरू केली की मिनिटभर मिसिंग मारायची, मग सुतासारखी सरळ. एका गॅरेजवाल्याने दोनदा कार्ब्युरेटर साफ केला, नवे प्लग टाकले, स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. रेस वाढवली की थरथर झाकली जाते, जात नाही. त्याच सुमारास मी दर आठवड्याला थोडं पाणी भरत होतो. खाली थेंब नाही, पाइप कोरडे. या दोन गोष्टी जोडून बघायचं ना त्याला सुचलं, ना मला.

हेड गॅस्केट एका सिलिंडरपाशी झिरपत होतं. रात्रभर पाणी आत उतरायचं, सकाळी तो सिलिंडर ओला म्हणून पेटायचा नाही. ८०० ला सिलिंडर तीनच. एक बसला की इंजिनाचा तिसरा हिस्सा गेला. ‘तीन सिलिंडर आहेत, हलणारच’ म्हणून मीही सोडून दिलं होतं. तीन सिलिंडरचं इंजिन जरा डुलतं हे खरं, पण एका लयीत. लय चुकत असेल तर ते डुलणं नव्हे.

प्लग काढून शेजारी मांडले असते तरी कळलं असतं. पाणी जाणाऱ्या सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असतो. शिवाय टेलपाइपला पांढरी वाफ, रेडिएटरमध्ये बुडबुडे, थंड गाडी सुरू करताच काही क्षणांत कडक होणारा वरचा पाइप. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून मात्र लगेच घाबरू नका. पावसाळ्यात, हिवाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ती जमते. डिपस्टिकवर दुधाळपणा असेल तर गोष्ट वेगळी.

प्रत्येक थरथर गॅस्केटची नसते, हेही सांगितलं पाहिजे. जास्त वेळा दोषी असतो तो तडकलेला व्हॅक्यूम पाइप. तिथून चोरटी हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग कोसळतं. इंजिन चालू असताना एकेक पाइप पकडीने हलकेच दाबा; ज्या पाइपावर आवाज सुधारेल तो गुन्हेगार. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या, गाडीत कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बघा. तो ‘इंजिन थंड आहे’ असं खोटंच सांगू लागला, की संगणक पेट्रोल जास्त सोडतो आणि गाडी काळा धूर टाकत हेलकावते.

माझं हेड अॅल्युमिनियमचं. वारंवार तापून ते वाकलं होतं. उतरवून फेसिंग करावं लागलं. गॅस्केटचं बिल कमी, त्याआधीच्या न लागलेल्या दुरुस्त्यांचं जास्त.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण उघडा (मे महिन्यातसुद्धा), आणि जागा मिळताच थांबा. झाकणाला अर्धा तास तरी हात लावू नका. दाबाखालचं पाणी उसळून अंगावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. वरचा पाइप दाबल्यावर मऊ लागला की मगच फडकं धरून झाकण उघडा, आणि गॅरेजमध्ये शिरल्यावर पहिलं वाक्य ‘पाणी कमी होतंय’ हे असू द्या, ‘कार्ब्युरेटर बघा’ हे नको.