नियंत्रण मर्यादा, सांख्यिकीय
उत्पादन प्रक्रियेतून ठराविक काळाने घेतलेल्या नमुन्यांची मापे आलेखावर मांडली असता प्रक्रिया स्थिर आहे की तीत बिघाड झाला आहे, हे ठरविणाऱ्या आलेखावरील दोन रेषांना नियंत्रण मर्यादा म्हणतात. मध्यरेषेच्या वरची ती ऊर्ध्व व खालची ती अधर मर्यादा होय. ही पद्धत वॉल्टर ए. श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत मांडली. १९४७-४८ मध्ये ते भारतात आले व त्यानंतर येथील उद्योगांत या विषयाचा प्रसार होऊ लागला.

एकाच यंत्रावर तयार झालेले दोन नग तंतोतंत सारखे नसतात. असंख्य बारीक कारणांनी पडणारा फरक यादृच्छिक असतो. तो प्रक्रियेतच अंगभूत असतो. हत्यार झिजणे, कच्चा माल बदलणे, यंत्राची मांडणी ढळणे यांसारख्या कारणांनी पडणारा फरक मात्र शोधून दूर करता येतो. पहिल्या प्रकारच्या फरकाला बिघाड समजून यंत्र वारंवार जुळविल्यास फरक उलट वाढतो. दुसऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास सदोष माल साचतो. या दोन चुकांमध्ये तोल साधण्यासाठी मर्यादा मध्यरेषेपासून तीन प्रमाण विचलनांवर घेतात. वंटन प्रसामान्य असल्यास स्थिर प्रक्रियेतील हजारांपैकी सुमारे तीनच बिंदू मर्यादेबाहेर पडतात.

देहूनजीकचे तळवडे, तसेच भोसरी व चाकण येथील अनेक लहान कारखाने वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवितात. अशा एखाद्या कारखान्यात लेथवर २० मिमी. व्यासाच्या पिना तयार होतात, असे समजू. दर तासाला लागोपाठच्या पाच पिना मोजून प्रत्येक नमुन्याचे माध्य व विस्तार (सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापांतील अंतर) काढतात. अशा २५ नमुन्यांच्या माध्यांची सरासरी २०.००४ मिमी. व विस्तारांची सरासरी ०.०२६ मिमी. आली. पाच नगांच्या नमुन्यासाठी कोष्टकातील गुणक ०.५७७ आहे, म्हणून माध्याच्या मर्यादा २०.००४ ± (०.५७७ × ०.०२६), म्हणजे १९.९८९ व २०.०१९ मिमी. होतात. विस्ताराची ऊर्ध्व मर्यादा २.११४ × ०.०२६ = ०.०५५ मिमी. व अधर मर्यादा शून्य येते. विस्ताराचा आलेख प्रथम तपासतात. कारण विस्तारच अस्थिर असेल, तर माध्याच्या मर्यादांना आधार राहत नाही.

सर्व १२५ पिनांचे एकत्रित प्रमाण विचलन घेऊन मर्यादा काढणे ही नेहमीची चूक आहे. लागोपाठच्या पाच पिनांत बहुतांशी यादृच्छिक फरकच असतो. हत्यार झिजल्याचा परिणाम नमुन्यानमुन्यांत दिसतो. एकत्रित विचलनात हा परिणामही मिसळतो, मर्यादा रुंदावतात आणि जो दोष पकडावयाचा तोच त्यांच्या आड लपतो. मर्यादेबाहेरच्या बिंदूचे कारण सापडून ते दूर झाले, तरच तो नमुना वगळून मर्यादा पुन्हा काढतात. केवळ गैरसोयीचा म्हणून बिंदू वगळणे अयोग्य होय.

नियंत्रण मर्यादा व आरेखनातील सह्यता (मापात चालणारी तफावत) या भिन्न गोष्टी आहेत. सह्यता ग्राहक ठरवितो. मर्यादा प्रक्रिया स्वतः सांगते. वरील उदाहरणात एकेका पिनेचे प्रमाण विचलन ०.०२६ ÷ २.३२६, म्हणजे सुमारे ०.०११ मिमी. आहे. सह्यता ± ०.०२५ मिमी. असेल, तर सर्व माध्ये मर्यादांच्या आत असूनही शंभरांतील सुमारे तीन ते चार पिना नापास होतील. तेव्हा कामगाराला दोष देऊन किंवा यंत्र दर तासाला जुळवून हे प्रमाण शून्यावर येणार नाही. माध्य २० मिमी.वर आणल्यास ते थोडे घटेल; त्यापुढे अधिक अचूक यंत्र, वेगळी कार्यपद्धती किंवा सह्यतेचा फेरविचार हेच मार्ग उरतात.

नग केवळ सदोष वा निर्दोष असे मोजले जात असल्यास सदोष नगांच्या प्रमाणाचा आलेख काढतात. तेथे मर्यादा द्विपद वंटनावरून मिळतात आणि अधर मर्यादा ऋण आल्यास ती शून्य धरतात.