कोठी कुणाची मोठी?

लेखमाला : खेळातला बाजार – लेखांक ६

गोंदिया जिल्ह्यात साठवणीचे महत्त्व कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे धान कापून मळून झाला की पहिला प्रश्न पडतो तो ठेवायचा कुठे हा. खरेदी केंद्र वेळेवर सुरू झाले नाही आणि घरात पोती रचायला जागा नसली, तर शेतकरी मिळेल त्या भावाने धान व्यापाऱ्याच्या काट्यावर घालून मोकळा होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाली, पण ती पदरात पडायची तर आधी थांबता आले पाहिजे. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवरही गोदामे भरली की उघड्यावर ताडपत्रीखाली थप्प्या लागतात, आणि अवकाळी पाऊस आला की धानाला कोंब फुटतात. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना याच दुखण्यावरचा इलाज आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचलायची आणि भाव चढेपर्यंत दम धरायचा. योजना कागदावर शेतमालाची आहे, पण शेतकऱ्याला तिच्यातून मिळतो तो वेळ.

याच जिल्ह्यातल्या तिरोडा, आमगाव, देवरीकडची पोरे मोबाइलवर जे खेळ खेळतात, त्यांच्या पोटातही हेच गणित दडलेले आहे. गेल्या आठवड्यात आपण स्किनची, म्हणजे खेळातल्या वस्तूच्या विकत मिळणाऱ्या रूपाची, किंमत कशी ठरते ते पाहिले. आजचा प्रश्न त्याला लागूनच येतो. शोभेची म्हणून विकलेली वस्तू खेळाडूच्या साठवणीला हात लावू लागली, तर तिला शोभेची म्हणायचे का?

आधी हे खेळ कसे चालतात ते पाहू. 'सर्व्हायव्हल' म्हणजे तगून राहण्याच्या खेळात खेळाडू उघड्या हातांनी एका अनोळखी मुलखात उतरतो. लाकूड तोडा, दगड फोडा, शिकार करा, रात्रीच्या आत आडोसा उभारा. जमवलेले सगळे अंगावर बाळगता येत नाही, म्हणून पेटी हवी. माइनक्राफ्टमध्ये एका पेटीला २७ कप्पे असतात, दोन पेट्या शेजारी ठेवल्या की ५४. ब्रिटनच्या फेसपंच स्टुडिओचा 'रस्ट' त्याहून निर्दय आहे. तिथे खेळाडू संगणक बंद करून झोपायला गेला तरी त्याचे खेळातले शरीर तिथेच पडून राहते, घर फोडून कुणीही पेट्या रिकाम्या करू शकतो, आणि दर महिन्याला सगळा मुलूख पुसून नव्याने सुरुवात होते. अशा ठिकाणी चार कप्पे जास्त असणे म्हणजे चार फेऱ्या कमी मारणे, आणि वाटेत मारले जाण्याचे चार प्रसंग टळणे.

आपल्याकडे संगणकावरचे हे महागडे खेळ थोडेच लोक खेळतात. गावागावांत पोचले ते फ्री फायर आणि पबजीचा भारतीय अवतार असलेला बीजीएमआय. सिंगापूरच्या गरेना कंपनीचा फ्री फायर साध्या, कमी रॅमच्या फोनवर चालतो, हेच त्याच्या प्रसाराचे मोठे कारण. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये ५४ ॲपवर बंदी घातली, त्यात फ्री फायर गेला. 'फ्री फायर मॅक्स' यादीत नव्हता, आणि पोरे एका रात्रीत तिकडे वळली. हे शुद्ध सर्व्हायव्हल खेळ नव्हेत, फार तर अर्ध्या तासाची चकमक असते. पण लूट, बॅग आणि पेटी तिथेही आहेच. बॅगेची लेव्हल जेवढी वरची तेवढ्या गोळ्या, मेडकिट (औषधपेटी) आणि ग्लू वॉल (आडोशाची भिंत) जास्त मावतात. आणि ही लेव्हल मैदानातच सापडते, दुकानात मिळत नाही.

दुकानात मिळते ते बॅगेचे रूप. 'डायमंड' हे पैसे देऊन मिळणारे खेळातले चलन टाकून घेतलेली पंखांची किंवा चमचमती बॅग साध्या बॅगेइतकाच माल घेते. मेलेल्या खेळाडूच्या जागी जी लूटची पेटी उरते, तिचीही स्किन विकत मिळते. म्हणजे मरणाऱ्याने स्वतःच्या तिरडीच्या सजावटीचे पैसे आगाऊ भरायचे! हौसेला मोल नाही. इथवर कुणावर अन्याय झालेला नाही, कारण पेटीतला माल उचलणाऱ्याला पेटी सोन्याची की लाकडाची याने काही फरक पडत नाही.

बंदुकीच्या स्किनपाशी मात्र फ्री फायर शोभेची रेषा सरळ ओलांडतो. तिथल्या अनेक स्किन रंगाबरोबर गुणही देतात. कुठे मारा वाढतो, कुठे गोळ्या झाडण्याचा वेग, आणि बदल्यात एखादी गोष्ट किंचित घटते. काही स्किन मॅगझिनमध्ये मावणाऱ्या गोळ्यांची संख्याच बदलतात. मॅगझिन म्हणजे तरी काय, बंदुकीची कोठीच. दोन पोरे समोरासमोर आली, दोघांचा नेम सारखा, आणि एकाच्या बंदुकीत चार गोळ्या जास्त, कारण त्याच्या काकाने रिचार्ज करून दिला. याला खेळाडू 'पे टू विन' म्हणतात, आणि इथे तो आरोप नाकारण्यासारखे काही उरत नाही.

शोभा आणि फायदा यांच्यात कुंपण घालण्याचा एक गाजलेला प्रयत्न माइनक्राफ्टने केला. या खेळाचे हजारो सर्व्हर खासगी लोक चालवतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी पैसे देणाऱ्यांना तलवारी, चिलखते, जादा सोयी असे काय काय विकायला सुरुवात केली होती. स्वीडनच्या मोजांग कंपनीने जून २०१४ मध्ये नियम स्पष्ट केला: सर्व्हरवाल्यांनी शोभेच्या वस्तू खुशाल विकाव्यात, खेळावर परिणाम करणाऱ्या वस्तू विकू नयेत. १ ऑगस्टपर्यंत सुधारण्याची मुदत दिली. सर्व्हरवाल्यांनी ओरड केली, कारण त्यांचा खर्च याच विक्रीतून भागत होता. ती तक्रार खोटी नव्हती. पण मोजांगकडे एक सोय होती जी पुढच्या कंपन्यांकडे नव्हती. नियम करणारी ती होती आणि विकणारे दुसरे होते. दुकानदारच पंच झाला की काय होते, ते पाहायला अमेरिकेत जावे लागते.

बेथेस्डा कंपनीचा 'फॉलआउट ७६' १४ नोव्हेंबर २०१८ रोजी बाजारात आला. अणुयुद्धानंतरच्या पश्चिम व्हर्जिनियात भंगार गोळा करायचे आणि त्यातून घर, शस्त्रे, चिलखते बनवायची असा तो खेळ. 'ॲटम' नावाचे खेळातले चलन घेऊन दुकानात खरेदी करता येई, आणि तिथे फक्त शोभेच्या वस्तू मिळतील, असे कंपनीने आधी सांगून ठेवले होते. खेळाडूंची खरी कोंडी साठवणीची होती. प्रत्येकाच्या पेटीला वजनाची मर्यादा होती, सुरुवातीला ४००, महिन्याभरातच वाढवून ६००. भंगार हाच ज्या खेळाचा प्राण, त्यात भंगार टाकून द्यायची पाळी. मर्यादा का, तर सर्व्हरवर ताण येतो, असे कारण दिले गेले.

पुढच्याच वर्षी दुकानाने एकेक पाऊल टाकले. आधी एप्रिलमध्ये शस्त्रदुरुस्तीचे किट आले. मग आला फ्रिज, किंमत ७०० ॲटम म्हणजे सुमारे ७ डॉलर. फ्रिज घरात ठेवला की छान दिसतो, जुन्या अमेरिकी स्वयंपाकघराची शान, म्हणजे शोभेचीच वस्तू म्हणायला हरकत नसावी. पण त्यात ठेवलेले अन्न सावकाश खराब होते. खेळात अन्न सडणे ही मुद्दाम घातलेली अडचण आहे. ज्याने ती अडचण घातली त्यानेच तिच्यावरचा उतारा सात डॉलरला विकायला काढला. कुणी म्हणेल, एवढ्याशा फ्रिजने कोण जिंकते? कुणीच नाही. तरीही या लेखमालेच्या दृष्टीने फ्रिज हा दुरुस्ती किटपेक्षा जास्त लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण सजावटीच्या खोलीतून साठवणीच्या खोलीत जाणारे दार त्याने उघडले.

त्या दारातून २३ ऑक्टोबर २०१९ रोजी मोठा ऐवज आत आला. 'फॉलआउट फर्स्ट' नावाचे सदस्यत्व, महिन्याला १२.९९ डॉलर, वर्षाला ९९.९९. त्यात एक खास पोशाख, खासगी मुलूख, कुठेही ठोकता येणारा तंबू, आणि बांधकामाच्या भंगारासाठी अमर्याद पेटी. खेळाडू खवळले. एका चाहत्याने सदस्यत्वाच्याच नावाचा संकेतस्थळाचा पत्ता विकत घेऊन त्यावर कंपनीची टर उडवली. त्यात भर म्हणजे पहिल्या दिवसांत काही सदस्यांचे भंगार या अमर्याद पेटीतून गायबच झाले, आणि आधी नुसता दिसण्यातला दोष सांगणाऱ्या कंपनीला काहींचे खरेच गेल्याचे मान्य करावे लागले.

कंपनीची एक बाजू इथे मांडायला हवी. भंगार साठवणे सर्व्हरला स्वस्त पडते. लोखंड दहा असो की दहा हजार, नोंद एकच आकड्याची. उलट शंभर वेगवेगळ्या बंदुका, प्रत्येकीचे सुटे भाग आणि गुण निराळे, त्यांची नोंद जड होते. म्हणून भंगाराला अमर्याद जागा देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते यात आश्चर्य नाही. पण मग ती सगळ्यांनाच का दिली नाही, याचे तांत्रिक उत्तर नाही. उत्तर १२.९९ डॉलर आहे.

'एस्केप फ्रॉम तारकोव्ह' या रशियन खेळाने तर सोंगच घेतले नाही. तिथे सुरुवातीपासून महाग आवृत्ती घेणाऱ्याला मोठे कोठार आणि मेल्यावरही न लुटली जाणारी मोठी डबी मिळे. साध्या आवृत्तीत डबी चार घरांची, वरच्या 'एज ऑफ डार्कनेस' आवृत्तीत नऊ घरांची. एप्रिल २०२४ मध्ये सुमारे २५० डॉलरची नवी आवृत्ती आली, तिच्यात खिसेही मोठे. गंमत अशी की सर्वांत मोठा गहजब आधी महाग आवृत्ती घेतलेल्यांनीच केला. पुढचे सगळे मिळेल असे आश्वासन त्यांना होते आणि नव्या आवृत्तीतला एक खेळप्रकार त्यांना नाकारला गेला होता. कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. नऊ घरांची डबी वर्षानुवर्षे वापरताना यांतल्या कितीजणांना चार घरांवाल्यांची आठवण झाली असेल, हा प्रश्न विचारायला हवा.

सगळ्यांत अवघड प्रकरण 'रस्ट'चे आहे. तिथल्या पेट्यांच्या स्किन विकत मिळतात, 'स्टीम' या खेळ विकणाऱ्या मंचाच्या बाजारात त्यांची फेरविक्रीही होते, आणि कप्प्यांची संख्या स्किनने वाढत नाही. तरीही काही स्किनवर बंदूक, औषध, दारूगोळा अशी चित्रे असतात. घरात पंधरा पेट्या रचलेल्या, दारावर हल्ला झालेला, अशा वेळी गोळ्यांची पेटी पहिल्या नजरेत सापडणे हा फायदा आहे. पण घर फोडून आत शिरलेल्यालाही तीच पाटी वाचता येते, आणि तो सरळ बंदुकांच्या पेटीवर हात टाकतो. फायदा आणि तोटा एकाच चित्रात. बर्फाळ भागात पांढरा पोशाख घालून दडणाऱ्याची गोष्ट निराळी आहे, कारण त्यात समोरच्याच्या वाट्याला काहीच येत नाही. कप्पे मोजून निकाल लावणारे या दोन्ही स्किन 'निर्दोष' ठरवतील. खेळाडूची कसोटी वेगळी हवी: तीच जागा, तीच वेळ, तेच कसब ठेवून विकत घेतलेली वस्तू तेवढी काढून घेतली, तर निकाल बदलतो का? बदलत असेल तर तिच्यावर शोभेचा शिक्का मारून काही उपयोग नाही.

कायदा ही कसोटी लावत नाही. गोंदियाचे नाव जुलै २०२३ मध्ये देशभर गाजले ते ऑनलाइन सट्ट्याच्या प्रकरणात. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ५८ कोटी रुपयांच्या फसवणुकीची तक्रार दिली आणि नागपूर पोलिसांनी गोंदियात घातलेल्या छाप्यात कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त झाले. अशा प्रकारांच्या पार्श्वभूमीवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात पैशांचे खेळ, ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ असे भाग पाडले आहेत. पैसे लावून पैसे मिळवण्याच्या खेळांवर बंदी. सामाजिक खेळाला वर्गणी किंवा एकदाचे प्रवेशशुल्क घेण्याची मुभा, ती पैज नसली म्हणजे झाले. कायदा एवढेच विचारतो की घातलेला पैसा वाढून परत येण्याची आशा आहे का. डायमंडचा पैसा परत येतच नाही. त्यामुळे मॅगझिन मोठे करणारी स्किन या प्रश्नात सहज उत्तीर्ण होते.

अल्पवयीनांच्या खर्चाचा विचार कंपन्यांनी आपापल्या परीने केला आहे. बीजीएमआय २०२१ मध्ये आला तेव्हा क्राफ्टन कंपनीने अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला ७,००० रुपयांची मर्यादा जाहीर केली होती. सात हजार म्हणजे आधारभूत भावाने जवळपास तीन क्विंटल धान, एका दिवसाचा! मर्यादा म्हणून हा आकडा ज्यांनी ठरवला, त्यांच्या डोळ्यांसमोर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावचे घर नसणार.

खेळाडूंनी आपला तोडगा मात्र काढलेला आहे. फ्री फायरच्या कस्टम रूममध्ये, म्हणजे खेळाडूंनी स्वतः भरवायच्या सामन्यात, बंदुकीच्या स्किनचे गुण बंद करण्याचे बटण असते, आणि गावपातळीवरच्या स्पर्धांच्या नियमांत 'गन ॲट्रिब्यूट ऑफ' अशी ओळ हमखास दिसते. स्किन दिसते, पण मारा सगळ्यांचा सारखा. म्हणजे रूप ठेवून फायदा काढून टाकणे तांत्रिकदृष्ट्या एका बटणाचे काम आहे, आणि ते बटण कंपनीनेच बनवलेले आहे. रोजच्या रँक मॅचमध्ये, जिथे बहुसंख्य पोरे खेळतात, तिथे ते खेळाडूच्या हाती दिलेले नाही.

(पुढील लेखांकात : डायमंड टाकून फिरवायचे चक्र आणि बेल्जियमने २०१८ मध्ये बंद पाडलेल्या नशिबाच्या पेट्या)