धीराचे शब्द नकोत, झोप द्या

करोनाची साथ चीनमध्ये पसरू लागली, तेव्हा २०२० च्या सुरुवातीला चांगशा शहरातील सेकंड शियांग्या रुग्णालयाने कर्मचाऱ्यांना मानसिक आधार देण्याची योजना आखली. ताण कसा हाताळावा याचे ऑनलाइन धडे, सल्ल्यासाठी हेल्पलाइन आणि मन हलके करणारे गटउपक्रम, असे सगळे तयार होते. पण कर्मचारी तिकडे फिरकेनात. परिचारिकांची चिडचिड वाढली होती, त्या विश्रांतीही घेत नव्हत्या. विचारले, की ‘आम्हाला काही त्रास नाही’ एवढेच सांगत.

रुग्णालयाने मग कर्मचाऱ्यांशी सविस्तर बोलून कारण शोधले. अनेकांचे म्हणणे होते, की मानसतज्ज्ञापेक्षा सलग विश्रांती आणि पुरेशी संरक्षक साधने द्या. आपल्यामुळे घरी संसर्ग जाईल ही भीती होती. सहकार्य न करणाऱ्या रुग्णांना कसे हाताळावे, हेही समजत नव्हते. योजना बदलली गेली. घरच्यांपासून वेगळे राहून विसावा घेता येईल अशी जागा, जेवणाची व्यवस्था, कामाआधी प्रशिक्षण आणि मदतीला सुरक्षारक्षक दिले गेले. ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात हा अनुभव प्रसिद्ध झाला.

त्रास नव्हता असे मात्र नाही. त्याच काळात चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर व परिचारिकांची पाहणी झाली. त्यात ७६४ परिचारिका होत्या. एकूण ४४.६ टक्के जणांत चिंतेची आणि ३४ टक्के जणांत निद्रानाशाची लक्षणे आढळली. परिचारिका, स्त्रिया आणि करोना रुग्णांची थेट सेवा करणारे यांच्यात ती अधिक तीव्र होती.

चिंता ही मुळात शरीराची धोक्याची घंटा. संसर्गाच्या वॉर्डात ती वाजणे स्वाभाविकच. त्यामुळे हात धुताना, मास्क लावताना सावधपणा राहतो. पाळी संपवून घरी आल्यावरही ती थांबली नाही, तर त्रास सुरू होतो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, लहानशा गोष्टीवरून राग येतो, लक्ष लागत नाही. औषधाची मात्रा मोजणाऱ्या हातासाठी हे धोक्याचे आहे.

अशा ताणातून सावरण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात मानसिक लवचिकता म्हणतात. ती मोजण्यासाठी २५ विधानांची ‘कॉनर-डेव्हिडसन’ मोजपट्टी २००३ पासून वापरात आहे. मात्र ही क्षमता केवळ स्वभावावर ठरत नाही. २००३ मध्ये कॅनडातील टोरांटोत सार्सची साथ आली होती. त्यानंतर एक ते दोन वर्षांनी तेथील रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांची तुलना सार्सचे रुग्ण न हाताळलेल्या हॅमिल्टनमधील कर्मचाऱ्यांशी केली गेली. कामाने पार थकून गेल्याची लक्षणे टोरांटोत ३०.४ टक्के, तर हॅमिल्टनमध्ये १९.२ टक्के जणांत दिसली. म्हणजे साथ ओसरली, तरी तिचा भार उतरला नव्हता. प्रशिक्षण, संरक्षण आणि पाठबळ पुरेसे मिळाले असे ज्यांना वाटत होते, त्यांना हा त्रास कमी होता.

म्हणूनच ‘खंबीर राहा’ असे सांगून जबाबदारी परिचारिकेवरच टाकणे अपुरे ठरते. पाळ्यांचे नेमके वेळापत्रक, हक्काची विश्रांती, मापाचे मास्क आणि अडचण मोकळेपणाने सांगता येईल अशी वरिष्ठ सिस्टर, ही लवचिकता टिकवणारी साधने आहेत. पुढची साथ येण्याआधीच ती जागेवर हवीत.

चिंता आणि निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला, कामावर परिणाम होऊ लागला, तर तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी. भारतात ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास मोफत मिळते. इतरांची शुश्रूषा करणाऱ्यांनीही तो क्रमांक फिरवायला संकोचू नये.